जलमार्गांचा चित्रकार विल्यम डॅनियल

मातीच्या रस्त्यावरून गाडी गेली म्हणजे मागें चाकोरी राहते. पाण्यावरून गलबत गेलें कीं क्षणभर फेंस दिसतो आणि पुन्हां पाणी सारखें होतें. जुन्या देवळांची व किल्ल्यांची माहिती जितकी मिळते, तितकी जुन्या नावांची मिळत नाहीं, याचें कारण हेंच होय. लाकूड कुजतें, शिडें फाटतात, आणि नाव बांधणारे सुतार व ती हाकणारे नावाडी यांचीं नांवें कोणी लिहून ठेवीत नाहीं. अशा नाशवंत वस्तूंची खूण कागदावर राखण्याचें काम ज्या थोड्या लोकांनीं केलें, त्यांत विल्यम डॅनियल या इंग्रज चित्रकाराचें स्थान मोठें आहे. लंडनजवळील थेम्स, चीनमधील कँटनची नदी, आपली गंगा, मद्रासचा खवळलेला किनारा आणि ब्रिटनचा सारा समुद्रकांठ, इतक्या पाण्यांवरील वाहतूक या एका माणसाच्या हातानें रेखाटली गेली. त्या कामामागें श्रम किती होते, आणि त्या कामांत उणें काय राहिलें, हीं दोन्हीं समजून घेण्याकरितां त्याचें चरित्र विद्यार्थ्यांनीं अवश्य वाचावें.

विल्यमचा जन्म १७६९ सालीं थेम्स नदीच्या कांठीं किंग्स्टन या गांवीं झाला. जवळच चर्टसी येथें त्याच्या वडिलांची खाणावळवजा सराई होती. १७७९ सालीं वडील वारले, त्या वेळीं मुलगा अवघा दहा वर्षांचा होता. अशा वेळीं त्याचा चुलता थॉमस डॅनियल यानें त्याला आपल्याजवळ ठेवून घेतलें. थॉमस पुतण्याहून वीस वर्षांनीं मोठा. त्यानें उमेदवारी केली होती ती घोडागाड्या रंगविणाऱ्या कारागिराकडे. बड्या लोकांच्या गाड्यांवर त्यांच्या घराण्याचीं चिन्हें काढतां काढतां त्याचा हात वळला, आणि १७७३ सालीं त्याला लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडेमीच्या चित्रशाळेंत प्रवेश मिळाला. तथापि सृष्टिदेखावे काढणारे चित्रकार लंडनमध्यें पुष्कळ होते व गिऱ्हाइकें थोडीं. तेव्हां दूरदेशीं जाऊन नवीन विषय शोधावे असें थॉमसच्या मनानें घेतलें. १७८४ सालीं ईस्ट इंडिया कंपनीकडे अर्ज करून त्यानें हिंदुस्थानांत जाण्याची परवानगी मिळविली, आणि मदतनीस म्हणून पुतण्यासही बरोबर घेतलें.

१७८५ च्या एप्रिल महिन्यांत ‘अ‍ॅटलास’ नांवाच्या कंपनीच्या जहाजावरून हे दोघे ग्रेव्ह्झेंड बंदरांतून निघाले. सुवेझचा कालवा १८६९ सालीं खुला झाला. त्यापूर्वीं पूर्वेकडे यावयाचें म्हणजे साऱ्या आफ्रिका खंडाला वळसा घालणें भाग असे. शिवाय तें जहाज आधीं चीनला जाणारें होतें. कंपनीचा चहाचा व्यापार त्या काळीं भरभराटींत होता आणि तो चहा कँटनला भरला जाई. वाऱ्यावर हवाला ठेवून चार महिन्यांहून अधिक काळ चाललेला तो प्रवास ऑगस्टमध्यें कँटनजवळील व्हाम्पोआच्या नांगरवाड्यांत संपला. विल्यमचें वय तेव्हां सोळा वर्षांच्या आंतबाहेर होतें. ज्या वयांत आपलीं मुलें शाळेच्या शेवटच्या इयत्तांत असतात, त्या वयांत हा मुलगा डोलणाऱ्या जहाजाच्या फळीवर बसून लाटांचा चढउतार, शिडांचा ताण आणि दोरखंडांची गुंतागुंत रेखाटावयास शिकत होता.

या प्रवासांतील टिपणांचें चीज होण्यास पंचवीस वर्षें लागलीं. चीनमार्गें हिंदुस्थानला केलेल्या या जलप्रवासाचें पन्नास चित्रांचें पुस्तक १८१० सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत ग्रेव्ह्झेंडचा धक्का आहे, वादळांत सांपडलेलें जहाज आहे, जावा बेटाचा किनारा आहे, व्हाम्पोआला नांगरून पडलेलीं युरोपी जहाजें आहेत, आणि त्यांच्या आजूबाजूला बांबूच्या काठ्या घातलेल्या चटयांच्या शिडांचीं चिनी गलबतें आहेत. पाहणाऱ्यास एक गोष्ट लगेच जाणवते. दोन निराळ्या देशांच्या नावा एकाच पाण्यावर असल्या, तरी प्रत्येकीची ठेवण, प्रत्येकीचें शीड निराळें दाखविलें आहे. नाव म्हटली म्हणजे एकसारखीच, अशा समजुतीनें काढलेली ती चित्रें नव्हेत.

१७८६ च्या आरंभीं चुलते-पुतणे कलकत्त्यास पोंचले. तेथें त्यांनीं शहराचीं बारा दृश्यें छापून काढण्याचें काम हातीं घेतलें व तें १७८८ पर्यंत पुरें केलें. काम सोपें नव्हतें. छापचित्रें तयार करण्याचा धंदा त्या शहरांत नुकताच कोठें सुरू होत होता. त्यामुळें चित्रकार, कोरणारा, तांब्याचे पत्रे घडविणारा आणि छापणारा अशीं सर्व सोंगें थॉमसला स्वतःलाच आणावीं लागलीं. तेथील हिंदी कारागिरांची मदत त्यानें घेतली. चित्रें पुढच्या कामाच्या मानानें ओबडधोबड होतीं, पण तीं खपलीं, आणि त्या पैशावर देशाच्या अंतर्भागांत जाण्याचा बेत ठरला.

१७८८ च्या पावसाळ्याच्या अखेरीस, नदी भरून वाहत असतांना, ते गंगेच्या वाटेनें वर निघाले. त्या वेळीं रेल्वे नव्हती. बंगाल्यांतून वरच्या प्रांतांत जाणारा राजरस्ता म्हणजे गंगा नदीच होय. श्रीमंत प्रवासी बजऱ्यांतून जात. बजरा म्हणजे मागच्या अंगास खिडक्यांची खोली असलेली लांबट होडी; पुढें वल्हीं मारणारे नावाडी बसत व खोलीच्या माथ्यावर उभा राहून तांडेल सुकाणूं सांभाळी. माल वाहण्याकरितां पाटेला नांवाची सपाट तळाची मोठी नाव असे. वारा अनुकूल असला तर शीड उभारावें; तो पडला म्हणजे नावाड्यांनीं कांठावर उतरावें, डोलकाठीला बांधलेला लांब दोर खांद्यावर घ्यावा, आणि चिखलांतून, कांट्यांतून, पडत्या दरडींवरून चालत नाव प्रवाहाविरुद्ध ओढीत न्यावी. मुर्शिदाबाद, भागलपूर, पाटणा, काशी, कानपूर हीं ठिकाणें अशा रीतीनें मागें पडत गेलीं.

या सर्व प्रवासांत विल्यमकडे दोन कामें असत. एक चित्र काढण्याचें, व दुसरें रोजनिशी ठेवण्याचें. आज कोठें मुक्काम केला, हवा कशी होती, चुलत्यानें कशाचें चित्र काढलें, अशा साध्या नोंदी तो करी. त्यांत अलंकार नाहींत. पण त्यामुळेंच कोणतें चित्र कोणत्या दिवशीं व कोठें काढलें हें पुढें अभ्यासकांना सांगतां आलें. दोघांजवळ एक अंधारपेटीही होती. या पेटीच्या भिंगांतून समोरच्या देखाव्याचें प्रतिबिंब कागदावर पडतें, आणि त्यावरून बाह्यरेषा बिनचूक गिरवितां येते. शिसपेन्सिलीनें आधीं ही रेषा घ्यावयाची, मग पातळ शाईनें छाया द्यावयाची व शेवटीं जलरंगांचा हलका हात फिरवावयाचा, अशी त्यांची रीत होती. त्यांच्यापूर्वीं कांहीं वर्षें विल्यम हॉजेस नांवाचा चित्रकार याच वाटेनें येऊन गेला होता. त्याचीं चित्रें हे दोघे प्रत्यक्ष स्थळाशीं ताडून पाहत आणि चूक आढळली तर तिची नोंद करीत. दुसऱ्याची चूक काढणें सोपें असतें. पण ज्यानें ती काढली त्याला स्वतःच्या रेषेविषयीं अधिकच जागरूक राहावें लागतें. डॅनियल मंडळी तशी जागरूक राहिली.

कानपुरापासून खुष्कीचा प्रवास सुरू झाला. १७८९ सालीं त्यांनीं आग्रा व दिल्ली पाहिली, हरद्वार पाहिलें, आणि तेथून गढवालच्या डोंगरांत श्रीनगरपर्यंत मजल मारली. त्या भागांत तोंवर फारच थोडे युरोपी लोक गेले होते. १७९१ च्या अखेरीस ते कलकत्त्यास परतले व पुढच्या वर्षीं आपलीं चित्रें सोडतीनें विकून दक्षिणेच्या प्रवासाचा खर्च त्यांनीं उभा केला.

मद्रासला त्या वेळीं बंदर असें नव्हतेंच. जहाजें दूर समुद्रांत उभीं राहत आणि माणसांना मसुला नांवाच्या होड्यांतून फुटत्या लाटांवरून किनाऱ्यास आणीत. या होड्यांत खिळा नसे. फळ्या काथ्याच्या दोरीनें एकमेकींस शिवलेल्या असत. लाटेचा तडाखा बसला म्हणजे खिळ्यांची ताठ होडी फुटावयाची, पण ही शिवलेली होडी किंचित् वांकून तो तडाखा सोसावयाची. ओंडके एकत्र बांधून केलेल्या कट्टुमरांवरून कोळी त्याच लाटांत निर्धास्तपणें ये-जा करीत. विल्यमनें पुढें या मसुला होड्यांचें चित्र काढलें. त्यांत साहेब लोक जीव मुठींत धरून बसलेले आहेत, आणि त्यांना तारून नेणारें कौशल्य वल्हीं धरलेल्या किनाऱ्यावरच्या लोकांचें आहे.

१७९३ च्या मार्चमध्यें हे दोघे समुद्रमार्गानें मुंबईस आले. येथें त्यांची गांठ जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराशीं पडली. पुण्यास सवाई माधवराव पेशव्यांचें व नाना फडणविसांचें चित्र काढणारा तो हाच वेल्स. त्याच्या साह्यानें त्यांनीं मुंबईजवळचीं प्राचीन लेणीं पाहिलीं. घारापुरीचीं व कान्हेरीचीं त्यांनीं काढलेलीं चित्रें पुढें छापलीं गेलीं. ही ओळख आपल्या प्रांताच्या दृष्टीनें महत्त्वाची ठरली. वेल्स १७९५ सालीं वारला. वेरूळच्या लेण्यांचीं त्याचीं चित्रें तशींच राहिलीं होतीं. त्यांवरून चोवीस मोठीं छापचित्रें लंडनमध्यें डॅनियल मंडळींनीं तयार केलीं व तीं १८०३ सालीं प्रसिद्ध झालीं. त्याच सुमारास गंगाराम तांबट या पुण्याच्या कारागिरानेंही इंग्रज वकील मॅलेट याच्याकरितां वेरूळचीं चित्रें काढलीं होतीं, हें आपण विसरूं नये.

१७९३ च्या मे महिन्यांत ते मस्कतकडे निघाले, पण इंग्लंड व फ्रान्स यांच्यांत युद्ध जुंपल्यामुळें ती वाट सोडून त्यांना मागें फिरावें लागलें. अखेर चीनमार्गें, लॉर्ड मॅकार्टनी याच्या वकिलातीबरोबर परतणाऱ्या जहाजांच्या तांड्यांतून, १७९४ च्या सप्टेंबरांत ते मायदेशीं पोंचले. सोळा वर्षांचा निघालेला मुलगा पंचवीस वर्षांचा होऊन परत आला.

येथून त्याच्या आयुष्यांतील सर्वांत कठीण श्रमांस आरंभ झाला. जवळ शेंकडों चित्रें होतीं, पण तीं लोकांपर्यंत पोंचवावयाचीं तर छापणें भाग. त्याकरितां अ‍ॅक्वाटिंट नांवाची कृति विल्यमनें आत्मसात केली. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर राळेची बारीक पूड पसरून पत्रा तापवितात, म्हणजे कण चिकटून बसतात. मग पत्रा तेजाबांत बुडविला कीं कणांच्या मधल्या फटींतून तांबें खाल्लें जातें व त्या खडबडीत भागांत शाई धरते. चित्रांत जो भाग फिका ठेवावयाचा त्यावर रोगण फांसून तो झांकावयाचा, आणि जो गडद हवा तो पुन्हां तेजाबांत सोडावयाचा. असें कितीदां तरी करावें तेव्हां आकाशाची, पाण्याची व सांवलीची छटा साधते. क्षणाचा उशीर झाला तर अनेक दिवसांचें काम फुकट जातें. छापलेल्या प्रतीवर शेवटीं हातानें जलरंग भरतात. पहाटेपासून रात्रीं उशिरापर्यंत हें काम करण्यांत विल्यमचीं तारुण्याचीं वर्षें गेलीं. १७९५ पासून १८०८ पर्यंत ‘ओरिएंटल सीनरी’ या नांवानें एकशें चव्वेचाळीस मोठीं चित्रें सहा भागांत निघालीं. संपूर्ण संचाची किंमत २१० पौंड होती. म्हणजे ती श्रीमंतांनाच परवडावी. सामान्य ऐपतीच्या लोकांसाठीं पुढें लहान आकाराची आवृत्ति काढण्यांत आली.

या ग्रंथाचें नांव निघालें म्हणजे लोक आधीं थॉमसचें नांव घेत. तो वडीलधारा होता, अर्ज त्याचा होता, धाडसही मुळांत त्याचें होतें. परंतु पुष्कळ चित्रांत कोणती रेषा चुलत्याची व कोणती पुतण्याची हें आज कोणासही सांगतां येत नाहीं. आपला वांटा किती हें मोजीत बसण्यापेक्षां चित्र पुरें करणें विल्यमला अधिक महत्त्वाचें वाटलें असावें, असें त्याच्या कामावरून दिसतें. तरुण वयांत इतकी चित्रें छापून झाल्यावरही, १७९९ सालीं, वयाच्या तिसाव्या वर्षीं, तो रॉयल अ‍ॅकॅडेमीच्या शाळेंत विद्यार्थी म्हणून दाखल झाला, ही गोष्टही त्याच्या स्वभावाची साक्ष देते. त्याचा धाकटा भाऊ सॅम्युएल हाही फिरता चित्रकार होता. तो १८११ सालीं सिलोनांत वारला, तेव्हां त्याचीं आफ्रिकेंतील चित्रें कोरून जगापुढें आणण्याचें कामही विल्यमनेंच केलें.

पुढें त्यानें आपली दृष्टि स्वतःच्या देशाकडे वळविली. लंडनच्या थेम्सकांठीं त्या काळीं मोठमोठ्या गोद्या बांधल्या जात होत्या. त्यांचीं उंचावरून दिसणारीं विस्तृत दृश्यें त्यानें काढलीं. १८१३ सालीं त्यानें ब्रिटन बेटाच्या किनाऱ्यानें फिरण्यास आरंभ केला, आणि १८१४ ते १८२५ पर्यंत या प्रदक्षिणेचीं आठ पुस्तकें व तीनशें आठ चित्रें प्रसिद्ध झालीं. पहिल्या दोन पुस्तकांचा मजकूर रिचर्ड एटन यानें लिहिला. नंतर ती जबाबदारीही विल्यमवरच पडली. या मालिकेंत स्कॉटलंडमधील क्लाइड नदीवरचें एक चित्र आहे. त्यांत शिडांच्या नावांमधून उंच धुराड्याची एक आगबोट चाललेली दिसते. क्लाइडवर ‘कॉमेट’ ही आगबोट १८१२ सालीं सुरू झाली होती, म्हणजे ही वस्तु तेव्हां अगदीं नवीन होती. शिडांच्या जहाजावर वाढलेल्या या माणसानें त्या नव्या पाहुण्याचीही नोंद तितक्याच काळजीनें केली. १८२३ सालीं कलकत्त्याजवळ ‘डायना’ ही आगबोट पाण्यांत उतरली, आणि १८५४ सालीं हावड्याहून रेल्वे धांवूं लागली. ज्या बजऱ्यांतून विल्यम गेला, त्यांचा काळ अशा रीतीनें संपत आला.

१८२२ सालीं त्याला रॉयल अ‍ॅकॅडेमीचें पूर्ण सभासदत्व मिळालें. त्या निवडणुकींत मागें पडलेला उमेदवार जॉन कॉन्स्टेबल हा होता. काळाचा न्याय मात्र उलटा झाला. आज कॉन्स्टेबलचें नांव घरोघरीं व डॅनियलचें नांव थोड्यांना माहीत. १८३४ पासून निघालेल्या ‘ओरिएंटल अ‍ॅन्युअल’ या वार्षिकासाठीं त्यानें हिंदुस्थानचीं चित्रें पुन्हां काढलीं. चाळीस वर्षांपूर्वींचीं टिपणें इतक्या काळानंतरही त्याच्या उपयोगीं पडलीं. १८३७ सालीं तो वारला. ज्यानें त्याला लहानपणीं आधार दिला, तो चुलता त्याच्यामागें तीन वर्षें जगला व १८४० सालीं नव्वदी गांठून मरण पावला.

या चित्रांत एक उणीव आहे, ती झांकून ठेवणें योग्य नव्हे. घेणारे लोक विलायतेंतील धनिक होते व त्यांना रम्य देखावा हवा होता. डॅनियल दक्षिणेंत फिरले तेव्हां टिपूबरोबरचें युद्ध नुकतेंच संपलें होतें, आणि कंपनीच्या फौजेनें तुडविलेल्या वाटांनींच ते बहुतांशीं गेले. पण त्या युद्धाचे घाव चित्रांत क्वचितच दिसतात. तसेंच नावेचा प्रत्येक दोर जागच्या जागीं आहे, परंतु तो ओढणाऱ्या माणसाचें नांव कोठेंही नाहीं. ज्यांच्या खांद्यांवरून हे चित्रकार शेंकडों मैल वर गेले, ते नावाडी चित्रांत बोटाएवढ्या आकृति होऊन राहिले आहेत. असें असलें तरी त्या आकृति तेथें आहेत, हेंही थोडें नाहीं. बजरा कसा होता, मसुला कशी शिवीत, गंगेच्या घाटावर कोणत्या नावा लागत, हें जाणण्याकरितां आज आपणास या चित्रांकडेच वळावें लागतें. कलकत्त्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्यें या चुलत्या-पुतण्यांच्या चित्रांचा फार मोठा संग्रह आहे. ज्यांना संधि मिळेल त्यांनीं तो पाहावा.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या कोंकणच्या खाड्यांतून एके काळीं मचवे, पडाव व फत्तेमाऱ्या वाऱ्यावर चालत. त्यांतील कित्येक आतां दिसत नाहींत, आणि ज्या उरल्या त्यांना यंत्रें बसलीं. तुमच्यापैकीं कोणाच्या गांवीं अशी एखादी जुनी होडी वाळूंत उपडी पडलेली असेल, तर सुटींत वही व पेन्सिल घेऊन तिच्यापाशीं बसा. हात सफाईदार नसला तरी चालेल. रेषा मात्र खरी असूं द्या. चित्राखालीं तारीख घाला, जागेचें नांव लिहा. आणि ती होडी ज्यानें बांधली किंवा हाकली, त्या म्हाताऱ्याला विचारून त्याचेंही नांव तेथें लिहून ठेवा. विल्यम डॅनियलनें अर्धें काम करून ठेवलें आहे. हें उरलेलें अर्धें तुमच्या हातचें आहे.